ताईंना म्हणायचंय की…

मी लोकांना बोलायला शिकवतो. तसं बोलता सगळ्यांनाच येतं. मी शिकवतो ते प्रेझेंटेशन. मागे पडदा, हातात माइक, दहा मिनिटं, आणि तेवढ्यात समोरच्याला आपला माल पटवायचा. शेगावच्या एखाद्या लॉजचा हॉल, मेहकरचं कॉलेज, कधी चिखली, कधी खामगाव. समोर बियाण्यांच्या कंपनीची पोरं असतात, पतसंस्थेतले कारकून असतात, बचत गटाच्या बाया असतात. पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं असतं, ‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही.’ लोक माना डोलावतात. माना डोलवायला कष्ट पडत नाहीत.

मग मी बारा चुका सांगतो. पडद्याकडे तोंड करून वाचू नका. खिशात हात घालू नका. दर वाक्याला ‘काय आहे की’ लावू नका. माफी मागून सुरुवात करू नका. समोरच्याने प्रश्न विचारला तर ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन्ही गिळून टाका. आणि सहावी चूक, गावठी उच्चार. तिथे मी स्लाइड थांबवतो आणि एक नक्कल करतो. खांद्यावर नसलेला पदर ओढतो, आवाज बारीक करतो आणि प्रेझेंटेशन कसं करू नये ते मिनिटभर करून दाखवतो. दिवसभरातला सगळ्यात मोठा हशा तिथे येतो. जेवून सुस्तावलेली माणसंसुद्धा ताठ बसतात.

ती नक्कल माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची आहे. हे मी आजवर एकाही हॉलमध्ये सांगितलेलं नाही. गेल्या दिवाळीनंतर ती बंद करायची असं ठरवलं होतं. पुढच्याच वर्गात मी सहावी चूक घाईघाईने उरकली, तर आयोजक उठून म्हणाले, “सर, ती नक्कल राहिली की!” मी केली. लोक हसले. ठरवणं वगैरे सगळं असं असतं.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमापासून जवळ. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी तिला बाईच म्हणत आलो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामाला गेली की मी दिवसभर तिच्या कडेवर. बोलायला मी तिच्याचकडून शिकलो. म्हणजे ‘मला’ नाही, ‘मले’. ‘तुला’ नाही, ‘तुले’. ळ आमच्या जिभेला वळत नाही, त्याच्या जागी आम्ही य ठेवतो. डाळीला दाय, हळदीला हयद, काळ्याला काया. यात काही कमी आहे असं मला अठराव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

शिकायला पुण्याला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं. मेसमध्ये मी म्हणालो, “मले अजून एक पोयी द्या.” वाढणारा थांबला, बाजूचे चौघे हसले, आणि पुढे वर्षभर माझं नाव ‘पोयी’ पडलं. कोणी वाईट नव्हतं त्यांच्यातलं, पण जखमेला ते कळत नाही. मी चिडून शिकलो. खोलीचं दार लावून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. तोंडात ले आला की ला. य आला की ळ. या घाईत खऱ्याखुऱ्या यलाही मी ळ करून टाकायचो. एकदा चारचौघांत ‘दुधावरची साळ’ म्हणून गेलो. आमच्याकडच्या माणसाचा हा ठरलेला खड्डा आहे. शुद्ध बोलायच्या धसक्यात त्याला आपला प्रत्येक य गुन्हेगार वाटायला लागतो. मी त्या खड्ड्यात पडलो, उठलो, कपडे झटकले. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावरून मी कुठला हे ओळखू येईनासं झालं. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आज स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

बाई लग्न होऊन बीबीला गेली. बीबी मोठं गाव, बाजाराचं. तिथे तिने अकरा बायांचा गट केला आणि तुरीच्या डाळीचं काम सुरू केलं. उन्हाळ्यात तुरीला तेलपाण्याचा हात लावायचा, अंगणात ताडपत्रीवर कडक वाळवायची, छोट्या गिरणीवर भरडायची, सुपाने पाखडायची. पॉलिश नाही की काही नाही. दिसायला दुकानातल्यासारखी चकचकीत नसे, पण शिजायला लागली की शेजारणी विचारत यायच्या.

आणि ती विकायची कशी, ते बघण्यासारखं होतं. बाजारात पोतं उघडून बसायची. गिऱ्हाईक आलं की भावाचं बोलायचीच नाही. पोत्याशेजारी अख्ख्या तुरीची एक वाटी असायची, त्यातला एक दाणा उचलायची, दातांत धरायची, म्हणायची, “ऐका बरं.” कट्ट. “वाजली? याच तुरीची दाय हाय. वायली हाय म्हनून वाजली. जे वाजत नाई ते घेऊच नका, मंग माह्यी असो का कोनाची असो.” मग गिऱ्हाइकाच्या हातावर एक दाणा ठेवायची. ते बिचारं भर बाजारात दाणा दातांत धरून कान टवकारायचं. वाजला की हसायचं, आणि घेऊन जायचं. मी पुढे नोकरीत माल विकायची जेवढी ट्रेनिंगं केली, त्यात याच्या जवळपास जाणारं काही पाहिलं नाही. पण ते ओळखायची अक्कल तेव्हा नव्हती.

बाईला एकच टोचणी होती. बाजारात सुटी डाळ खपायची ती थोडी. बाकी सगळी तालुक्याचा व्यापारी उचलायचा आणि आपल्या नावाच्या पिशव्यांत भरायचा. “पिशवीवर आपलं नाव पाह्यजे, राजा,” ती मला म्हणायची. “वायवतो आमी, भरडतो आमी, अन् नाव त्याचं. किती दिवस दुसऱ्याच्या नावानं इकू?”

अशात पुण्याची एक कंपनी गावाकडचा माल शहरातल्या दुकानांत ठेवण्यासाठी गट शोधत होती. त्यांचे लोक शेगावला येणार होते. जिल्ह्यातल्या गटांनी तिथे जाऊन प्रत्येकी दहा मिनिटं प्रेझेंटेशन द्यायचं, पसंत पडेल त्याच्याशी वर्षाचा करार. आणि पिशवीवर नाव गटाचं. बाईचा फोन आला. “तू पुन्यात बोलतं तसं मले शिकव. आठ दिवस ये.” मी रजा टाकली आणि गेलो. मोठ्या उत्साहाने गेलो, हेही सांगायला पाहिजे.

पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली, “मी बाजारात बोलते तसंच बोलीन ना.”

“बाई, हसतील लोक.”

“हासतीन त्याचे दात दिसतीन.”

तिथेच मी बॅग उचलून परत गेलो असतो तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण उंटावरचा शहाणा एकदा घरात शिरला की तो उतरत नाही. मी लॅपटॉप उघडला, चौदा स्लाइड केल्या. पहिल्या स्लाइडवर हसऱ्या शेतकरी बाईचा फोटो टाकला. तो इंटरनेटवरून घेतला होता; ती बाई कुठली कोण जाणे. अंगणात अकरा बाया जिवंत बसल्या होत्या, त्यांचा फोटो काढावा असं मला सुचलं नाही, कारण मागे ताडपत्री फाटकी दिसत होती.

मग तिचा दाणा काढून टाकला. “स्टेजवर तोंडात काही घालायचं नसतं,” मी म्हणालो.

“मंग दाय कोन्त्या तुरीची हाय हे त्याईले कसं समजीन?”

“स्लाइडवर लिहिलंय.”

तिला ते पटलं नव्हतं, पण भाऊ पुण्याचा होता.

त्यानंतर ळ. ती भाकरी थापायची आणि मी चुलीपुढे पाटावर बसून म्हणवून घ्यायचो. डाळ. हळद. पिवळी. वाळवण. तिची जीभ य वरून हलायची नाही. मी वैतागायचो. एकदा तर ओरडलो तिच्यावर, तिच्या घरात, तिच्या हातची भाकरी खात. शेवटी मी एक सोपं सूत्र दिलं, “तोंडात य आला की ळ म्हण, बस.” शिकवणाऱ्यांना सूत्रं फार आवडतात. चौथ्या दिवशी तिच्या तोंडून ‘डाळ’ आलं. लहान पोरीसारखी खूश झाली. शेजारणींना बोलावून म्हणून दाखवलं. मग ती जिथे तिथे ळ लावायला लागली. दारच्या गाईला ‘गाळ’ म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो. त्या खड्ड्याची मला पुरती माहिती होती. मी स्वतः त्यात पडलो होतो. तरी मी तिला सांगितलं नाही की काही य खरेही असतात. वाटलं, जाऊ दे, पाठ केलेल्यात कुठे येणार आहे तसला शब्द.

शेगावच्या त्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पुण्याहून आलेले दोघे पुढे बसले होते. त्यातले वयाने मोठे होते त्यांना सगळे साहेब म्हणत होते. मागे आमच्यासारखेच दुसरे गट, आपापली पाळी यायची वाट बघत. बाई उभी राहिली. पहिली दोन मिनिटं छान गेली. “नमस्कार. मी आपल्याला आमच्या गटाची माहिती देणार आहे.” ‘आपल्याला’ बरोबर, ‘डाळ’ बरोबर. माझाच आवाज तिच्या तोंडून येत होता. मी शेवटच्या रांगेत बसून स्वतःवरच खूश होतो.

तिसरी स्लाइड. बाई म्हणाली, “आमच्या भागातले शेतकरी प्रामुख्याने तूर आणि सोळाबीन घेतात.”

सोयाबीन. आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असलेला शब्द. मी लिहून दिलेल्या वाक्यात तो होता आणि मला दिसला नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, “किती बीन? सोळा?” आणि हॉल फुटला. एक गोष्ट मला नीट आठवते, पुण्याचे दोघे हसले नाहीत, फक्त ओठ जरा हलले. खदाखदा हसले ते आमचेच लोक. ज्यांना थोड्या वेळाने तिथेच उभं राहून तोच ळ सांभाळायचा होता, ते सगळ्यात मोठ्याने हसले.

बाईने माझ्याकडे पाहिलं. चुकलं हे तिला कळलं होतं, काय चुकलं ते कळलं नव्हतं. मी शिकवल्याप्रमाणे तिने आवाज मोठा केला आणि स्पष्ट म्हणाली, “सोळाबीन.” पुन्हा हशा. मग ती थांबली. खाली बघितलं. तिचा हात पदराच्या टोकाला गेला आणि ती काहीतरी चाचपडायला लागली. मला दिसलं, पदराला गाठ होती. ती गाठ सोडत होती.

घाबरली, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी उठलो, पुढे गेलो, तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणालो, “पुढचं मी सांगतो.” ती बाजूला झाली.

मी झकास बोललो. हात मोकळे, नजर समोर, वाक्यं छोटी. हॉल गप्प झाला. शेवटी साहेबांनी विचारलं, “पावसाळ्यात पुरवठा चालू राहील का?”

मी तोंड उघडायच्या आत बाजूने आवाज आला. माइकशिवाय, बाजारातला, तिचा स्वतःचा. “नाई जी. पावसायात आमी दाय करतच नाई. पानी पडून राह्यलं का तूर वायत नाई. मंग आमी ते भरून ठेवतो, अन् ऊन पडलं का करतो. ओली दाय काऊन द्याव कोनाले?”

साहेबांनी कपाळाला आठी घातली, मान पुढे केली आणि मला विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

मी हसलो. “ताईंना म्हणायचंय की, पावसाळ्यासाठी आमचं वेगळं नियोजन असतं. पुरवठा बारा महिने मिळेल.”

ती मराठीच बोलली होती. मी मराठीतून मराठीत भाषांतर केलं, आणि ‘नाही’चं ‘हो’ केलं. आणि जन्मात पहिल्यांदा तिला ताई म्हणालो. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाईने सगळं ऐकलं होतं, तिला सगळं समजलं होतं. ती मध्ये बोलू शकली असती. का बोलली नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अशा ठिकाणी काय बोलायचं असतं ते भावाला कळतं, आपल्याला नाही, हे मी आठ दिवस चुलीपुढे बसून तिच्या डोक्यात घातलं होतं. बाकी काही नाही शिकली, तेवढं शिकली.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली. मेहकर जवळ आलं तेव्हा म्हणाली, “त्याईले तू हो काऊन म्हनलं?”

“प्रेझेंटेशनमध्ये नाही म्हणायचं नसतं, बाई. आधी करार होऊ दे. मग बघू.”

थोड्या वेळाने कट्ट असा आवाज आला. मग पुन्हा. पदराच्या गाठीतले तुरीचे दाणे ती एकेक करून दातांखाली फोडत होती. तेव्हा मला कळलं की गाठीत काय होतं. तरी मी फोनमध्ये बघत बसलो.

करार झाला. पिशव्या छापून आल्या, त्यांवर गटाचं नाव होतं. बाईने एक रिकामी पिशवी चौकटीत बसवून भिंतीला लावली. उन्हाळ्यातला माल गेला, कंपनीने तारीफ केली. आषाढात साठवण संपली आणि मागणीचा फोन आला. करारात बारा महिने लिहिलं होतं. बायांनी दमट तूर खोलीत पसरली, वर पंखा लावला, बाजेवर टाकली, चुलीच्या उबेला ठेवली. दाणा दातांखाली वाजत नव्हता, दबत होता. बाईने तो दातांत धरून पाहिलाच असणार. तरी भरडली आणि पाठवली.

पंधरा दिवसांनी गाडी परत आली. पिशव्या फोडल्या तर कुबट वास, कोपऱ्यांत बुरशी. प्रत्येक पिशवीवर गटाचं नाव होतं. चांगल्या मालावर नाव पाहिजे म्हणून बाई झगडली होती. खराब मालावरही ते तसंच ठळक छापलेलं होतं. कंपनीचं चार ओळींचं पत्र आलं आणि करार संपला. दुकानांतून परत आलेली डाळ म्हणून बातमी बाजारात फिरली. पुढच्या बाजारी बाई पोतं उघडून बसली, दाणा दातांत धरला, “ऐका” म्हणाली. एक म्हातारी उभ्या उभ्या म्हणाली, “राहू दे मा, ऐकलं आमी.” गट मोडला. गिरणीवर पोतं टाकलं. भिंतीवरची चौकट कधी उतरवली ते मला माहीत नाही.

बायांनी तिला घेरलं होतं, हे मला गटातल्या एकीने फार नंतर सांगितलं. “शेगावले हो कोन म्हनलं?” असं त्या विचारत होत्या. बाईने माझं नाव घेतलं नाही. म्हणाली, “मीच म्हनलं.”

माझं मात्र सोनं झालं. शेगावच्या त्या हॉलमध्ये एक गृहस्थ बसले होते, त्यांना माझं बोलणं आवडलं. इतर गटांनाही शिकवा म्हणाले. एकाचे दोन वर्ग झाले, दोनाचे दहा. नोकरी सोडली. आज मी जे काही आहे ते त्या दहा मिनिटांवर उभं आहे, म्हणजे तिच्या हातातून काढून घेतलेल्या माइकवर. नक्कल नंतर आली. एका दुपारी वर्ग पेंगत होता, काही केल्या हलत नव्हता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तूर आणि सोळाबीन.” काय हसले! मग दर वर्गात मी त्यात भर घालत गेलो. पदर आला, पदराची गाठ आली, घाबरलेले डोळे आले. गेल्या वर्षी कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो जिल्ह्यातल्या फोनांवर इतका फिरला की बसस्टँडवर पोरं मला बघून ‘सोळाबीन’ ओरडायला लागली. मी हात हलवायचो.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बीबीला गेलो. फाटकापाशी पोचलो तर आतून बाईचा आवाज येत होता. शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत होती. “तुले सांगते, मी त्याले म्हनलं, काऊन बे, माह्या दारात उभा राहून मलेच पत्ता इचारून राह्यला?” दोघी खळखळून हसल्या. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होतो. मी फाटक लोटलं. बाईने मला पाहिलं, उठली, पदर नीट केला.

“ये. बस. तुला पाणी आणते.”

तुला. पाणी. ण सुद्धा जागच्या जागी. मी बसलो आणि मनात मागे मागे जायला लागलो. ती माझ्याशी असं कधीपासून बोलते? गाडी परत आली त्या वर्षापासून. फोनवर, घरी, लग्नकार्यात, माझ्याशी त्यानंतर ती कधी ‘तुले’ म्हणालीच नव्हती. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट ही की सुरुवातीला ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं होतं, वा, बाई सुधारली. शिकवल्याचं चीज झालं.

तिने ओवाळलं. ताट वाढलं. मी ठरवलं, आज विचारायचं, आणि तिच्याच बोलीत विचारायचं. म्हणालो, “बाई, तू माह्यासंग अशी काऊन बोलून राह्यली?”

आवाज बारीक निघाला. तो माझा लहानपणचा आवाज नव्हता, नकलेतला होता. माझ्या तोंडात वऱ्हाडीला आता दुसरी जागाच उरलेली नाही. आतल्या खोलीत भाची फस्सकन हसली. तिला वाटलं, मामा व्हिडिओतलं करून दाखवतोय.

बाई हसली नाही, रागावलीही नाही. वाटीत वरण ओतत म्हणाली, “ती रोज बघते तुझा तो व्हिडिओ. मीही बघितला. चांगलं बोलतोस तू. लोक हसतात.”

मी वरणाची वाटी पुढे ओढली.

“एवढंच चुकलंय त्यात,” ती म्हणाली, “की ती बाई घाबरून गाठ सोडत नव्हती. तिला त्यांना दाणा वाजवून दाखवायचा होता.”

मला खूप काही बोलायचं होतं. दहा मिनिटांत समोरच्याला काहीही पटवणारा माणूस मी, पण एक वाक्य जुळेना. माझ्या बोलीत बोललो असतो तर नक्कल झाली असती, आणि पुण्याच्या मराठीत तिच्याकडे माफी मागायला मला तोंड नव्हतं. वरण तिच्याच हातचं, पण डाळ दुकानातली होती, पॉलिश केलेली. मी ती खाल्ली.

“तुला अजून एक पोळी वाढू का?” बाईने विचारलं.

ळ अगदी स्वच्छ होता. आजवर शेकड्यांनी लोक माझ्याकडून शिकून गेले, पण इतका स्वच्छ ळ त्यांच्यातल्या एकालाही जमलेला नाही.